अर्जाचा कागद आणि ज्वारीची भाकरी

१९३३ साली मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी. परीक्षेत रसायनशास्त्र हा मुख्य विषय घेऊन पहिली आलेल्या एका तरुणीने बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सकडे पदव्युत्तर संशोधनासाठी अर्ज केला. तिचे नाव कमला भागवत. वडील नारायणराव आणि काका माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ, आणि दोघेही याच संस्थेच्या सुरुवातीच्या विद्यार्थ्यांपैकी. लोक तेव्हा तिला टाटा इन्स्टिट्यूट म्हणत. घरात प्रयोगशाळेची भाषा होती, गुणपत्रिकेत पहिला क्रमांक होता. तरीही अर्ज परत आला. संस्थेचे संचालक होते नोबेल पारितोषिकाचे मानकरी सर सी. व्ही. रामन. त्याच वर्षी ते त्या पदावर आले होते. नकाराचे कारण गुणांशी संबंधित नव्हते. अर्जदार मुलगी होती, एवढेच ते कारण.

ही हकिगत मराठी वाचकाला अगदीच अनोळखी नाही. दुर्गाबाई भागवतांची धाकटी बहीण म्हणून, पुढे डॉ. कमला सोहोनी म्हणून, तिच्यावर अधूनमधून लिहिले जाते. रामन यांच्या कचेरीपुढे तिने धरलेला सत्याग्रह हा त्या लेखनाचा ठरलेला प्रसंग. पण मला या प्रसंगाकडे एका वेगळ्या बाजूने पाहायचे आहे. मी धाराशिव जिल्ह्यातील एका महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. पदवीच्या शेवटच्या वर्षाच्या मुली पुढे काय शिकायचे हे विचारायला येतात, त्यांतल्या काहींना पोषणशास्त्र शिकायचे असते. त्यांचे अर्ज वाचणे, शिफारसपत्र लिहिणे, प्रवेश परीक्षेची तारीख हुकू नये म्हणून आठवण करणे हा माझ्या कामाचा भाग झाला आहे. हे करता करता माझ्या लक्षात आले की पोषणशास्त्राचा इतिहास आपण शोधांच्या क्रमाने वाचतो, प्रवेशांच्या क्रमाने वाचत नाही. कोण आत आले, कोणत्या अटींवर आले, आणि आत आल्यावर त्यांनी कोणाच्या ताटाकडे पाहिले, या तीन प्रश्नांची उत्तरे एकमेकांत गुंतलेली आहेत. या लेखात तो गुंता जमेल तितका सोडवून पाहते.

तीन अटी

नकार आल्यावर कमला भागवत स्वतः बंगलोरला गेली. प्रवेश का नाही याचे लेखी कारण द्या, अशी तिची मागणी होती, आणि ती मागे हटायला तयार नव्हती. शेवटी रामन यांनी तिला घेतले, पण अटी घालून. पहिली अट, एक वर्ष ती नियमित विद्यार्थिनी मानली जाणार नाही, काम पाहून मग ठरवू. दुसरी, मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्री-अपरात्रीही काम करावे लागेल. तिसरी, तिच्यामुळे प्रयोगशाळेचे वातावरण बिघडता कामा नये. पहिल्या दोन अटी कुठल्याही होतकरू संशोधकाला घातल्या तर त्यात वावगे काही नाही. तिसरी मात्र फक्त तिच्यासाठी होती. तो अपमान आयुष्यभर तिच्या मनात राहिला, आणि उतारवयात जाहीर सत्काराच्या वेळीही तिने तो बोलून दाखवला. रामन थोर शास्त्रज्ञ होते, पण बाईच्या बाबतीत त्यांचे मन कोते होते, असा तिच्या बोलण्याचा आशय होता.

मार्गदर्शक म्हणून मिळालेले एम. श्रीनिवासय्या मात्र कडक असूनही न्यायी होते. त्यांच्या हाताखाली तिने दूध, डाळी आणि कडधान्ये यांतील प्रथिनांवर काम केले. हा विषय लक्षात ठेवण्याजोगा आहे. गरीब घरात मांस-मासे रोज येत नाहीत, दूधही मोजूनमापून येते, तिथे प्रथिनांचा खरा आधार डाळ आणि उसळ. त्या काळी देशात जीवरसायनशास्त्र हा विषय नुकता रुजत होता आणि कडधान्याच्या प्रथिनाकडे पाहणारे थोडेच होते. एक वर्ष झाले, काम पाहिले गेले, ती नियमित विद्यार्थिनी झाली आणि १९३६ साली एम.एस्सी. झाली. त्यानंतर त्या संस्थेत मुलींना प्रवेश मिळत राहिला.

दार किती उघडले हे पाहायचे असेल तर पुढची दोन नावे आठवावीत. अ‍ॅना मणी आणि सुनंदा बाई या दोघींनी रामन यांच्याच प्रयोगशाळेत पदार्थविज्ञानात संशोधन केले. प्रबंध लिहून दिले, शोधनिबंध छापून आले, पण आधी एम.एस्सी. नाही या कारणाने मद्रास विद्यापीठाने त्यांना पीएच.डी. दिली नाही. अ‍ॅना मणी पुढे हवामानशास्त्रात मोठ्या झाल्या, त्या पदवीवाचूनच. प्रवेश मिळणे एक आणि प्रवेशाचे फळ कागदावर येणे दुसरे.

कमला भागवतचा दुसरा अर्ज केंब्रिजला गेला. तिथे न्यूनहॅम कॉलेजात ती दाखल झाली, आधी डेरेक रिख्टर आणि मग रॉबिन हिल यांच्याबरोबर काम केले. बटाट्यापासून सुरुवात करून वनस्पतींच्या पेशींत सायटोक्रोम सी हे श्वसनक्रियेशी संबंधित द्रव्य असते, हे तिने दाखवले. त्या प्रयोगशाळेचे प्रमुख सर फ्रेडरिक गोलंड हॉपकिन्स. अन्नात प्रथिने, पिष्ट आणि स्निग्ध यांखेरीज आणखी काही सूक्ष्म आवश्यक घटक असतात, हे दाखवण्याच्या कामासाठी त्यांना १९२९ चे नोबेल विभागून मिळाले होते. पोषणशास्त्राच्या एका गंगोत्रीपाशीच ती पोचली होती. १९३९ मध्ये तिला पीएच.डी. मिळाली. प्रबंध अवघा चाळीसेक पानांचा होता.

इथे एक गोष्ट नेहमी वगळली जाते. बंगलोरची संकुचित वृत्ती आणि केंब्रिजचा मोकळेपणा असे चित्र रंगवणे सोपे आहे. पण १९४८ पर्यंत केंब्रिज विद्यापीठ स्त्रियांना पूर्ण सभासदत्वाची पदवी देत नव्हते. त्यांना मिळे ते पदवीचे नाव, विद्यापीठाच्या कारभारात मताचा हक्क मिळत नसे. म्हणजे ज्या दाराने तिला आत घेतले, त्या दारालाही एक उंबरठा होताच. तिसरी अट तिथे तोंडाने कोणी सांगितली नाही, ती नियमावलीत होती.

त्याच वर्षी उस्मानाबादेत

आता नकाशा जरा सरकवू. १९३३ साली धाराशिव म्हणजे निजामाच्या हैदराबाद संस्थानातला उस्मानाबाद जिल्हा. सातवा निजाम मीर उस्मान अली खान याच्या नावावरून हे नाव रूढ झालेले. संस्थानातले एकमेव विद्यापीठ हैदराबादचे उस्मानिया, स्थापना १९१८, शिक्षणाचे माध्यम उर्दू. मराठी मुलांसाठी जिल्ह्यात हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा होती. तिथेच पुढे स्वामी रामानंद तीर्थ म्हणून ओळखले गेलेले शिक्षक शिकवत, आणि हैदराबाद मुक्तिसंग्रामाच्या कार्यकर्त्यांची एक पिढी तिथून घडली. घरात मराठी, कचेरीत उर्दू, आणि जवळच्या सोलापुरात इंग्रजांचा अंमल, असा तो भाग.

कमला भागवतच्या वयाची एखादी मुलगी तेव्हा उमरग्यात किंवा परंड्यात असेल, तर तिला नकार मिळण्याचाही प्रश्न नव्हता. नकार मिळायला आधी अर्ज करावा लागतो. अर्ज करायला पदवी लागते, पदवीला हायस्कूल लागते, हायस्कूलला जवळपास शाळा आणि घरातून परवानगी लागते. भागवतांच्या घरात रसायनशास्त्रज्ञ वडील होते. इथल्या घरात चुलीपाशी बसणारी आई होती, आणि तिला अन्नाबद्दल जे ठाऊक होते त्याला शास्त्र म्हणायची कोणाची तयारी नव्हती.

ते ज्ञान काय होते हे इथे थोडक्यात सांगते, कारण पुढच्या कथेत त्याची गरज आहे. या जिल्ह्याचे मुख्य अन्न रब्बी ज्वारी. तिची भाकरी, तिच्या कण्या, कोवळ्या कणसांचा हुरडा, आंबवलेली आंबील. भाकरीबरोबर पिठले किंवा तुरीचे वरण, कांदा, शेंगदाण्याची चटणी, हिवाळ्यात शेतातली पाले. मार्गशीर्षातल्या अमावास्येला, म्हणजे येळवशीला, लातूर-धाराशिवकडची घरेच्या घरे रानात जातात. त्या दिवशीच्या भज्जीत हिरव्या शेंगांचे दाणे, पालेभाज्या आणि चिंच एकत्र शिजतात, सोबत बाजरीचे किंवा ज्वारीचे उंडे, गव्हाची खीर आणि माठातली आंबील. धान्य, कडधान्य, पालेभाजी, आंबवलेले ताक आणि गूळ हे सगळे एका पानात. आहारशास्त्राच्या पुस्तकात संतुलित आहाराचे जे चित्र असते त्याच्या अगदी जवळ जाणारे हे जेवण, फक्त वर्षातून एकदा.

उरलेले वर्ष कसे जाई, हा खरा प्रश्न आहे.

प्रयोगशाळा हैदराबादेत आली तेव्हा

१९१८ साली रॉबर्ट मॅककॅरिसन यांनी दक्षिणेत कुन्नूर येथे बेरीबेरी या रोगाच्या चौकशीसाठी छोटेखानी काम सुरू केले. त्यातून न्यूट्रिशन रिसर्च लॅबोरेटरीज ही संस्था उभी राहिली. १९३५ पासून वॉलेस आयक्रॉइड तिचे संचालक होते. भारतीय अन्नपदार्थांच्या पोषणमूल्यांचे कोष्टक असलेली त्यांची पुस्तिका १९३७ साली निघाली. ज्वारीत किती प्रथिने, तुरीत किती, शेवग्याच्या पानांत किती चुना, हे प्रथमच सामान्य डॉक्टरच्या हाती आले. त्यानंतर संचालकपदी आलेले वि. ना. पटवर्धन हे मराठी गृहस्थ.

केंब्रिजहून परतल्यावर कमला भागवत आधी दिल्लीच्या लेडी हार्डिंज मेडिकल कॉलेजात जीवरसायन विभागाच्या प्रमुख झाल्या आणि नंतर याच कुन्नूरच्या संस्थेत सहायक संचालक म्हणून गेल्या. एकेकाळी प्रवेश नाकारलेली मुलगी देशातल्या पोषणसंशोधनाच्या मुख्य संस्थेत अधिकारपदावर होती. १९४७ मध्ये मा. वि. सोहोनी यांच्याशी विवाह झाला आणि त्या मुंबईला आल्या.

१९५८च्या सुमारास ही संस्था कुन्नूरहून हैदराबादला हलली. १९६९ पासून तिचे नाव राष्ट्रीय पोषण संस्था. आता तारखा एकमेकींशेजारी ठेवून पाहा. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान भारतात आले. १ नोव्हेंबर १९५६ ला भाषावार फेररचनेत मराठवाड्याचे जिल्हे मुंबई राज्यात गेले. १९५८ मध्ये औरंगाबादेत मराठवाडा विद्यापीठ सुरू झाले. मराठी माणसाला मराठी राज्य मिळाले, स्वतःचे विद्यापीठ मिळाले, आणि ते हवेच होते. पण शतकानुशतके ज्या शहराशी उस्मानाबादचा कारभार, बाजार आणि दवाखाना जोडलेला होता, त्या शहरात ज्वारी खाणाऱ्यांच्या आजारावर जगातले एक महत्त्वाचे संशोधन सुरू व्हायच्या वेळीच हा जिल्हा त्या शहरापासून कागदोपत्री तुटला.

ते संशोधन पेलाग्राचे. या रोगात उन्हाला उघडी राहणारी कातडी काळवंडते आणि सोलते, जुलाब लागतात, आणि रोग वाढला तर मन भ्रमिष्ट होते. युरोपात आणि अमेरिकेच्या दक्षिण भागात तो मका खाणाऱ्या गरिबांत होई. विसाव्या शतकाच्या पहिल्या तीस वर्षांत अमेरिकेत जोसेफ गोल्डबर्गर यांनी तो संसर्गाने होत नसून निकस आहाराने होतो हे दाखवले. नंतर नायसिन या जीवनसत्त्वाचा अभाव हे कारण ठरले. मक्यात वापरता येईल असे नायसिन कमी, आणि शरीर ज्यापासून नायसिन बनवू शकते ते ट्रिप्टोफॅनही कमी, त्यामुळे गणित जुळले.

पण दख्खनच्या पठारावर मका खाल्ला जात नव्हता. इथे ज्वारी खाणाऱ्या शेतमजुरांत पेलाग्रा दिसत होता आणि हैदराबादच्या उस्मानिया रुग्णालयात असे रोगी येत होते. ज्वारीत ट्रिप्टोफॅन मक्याइतके कमी नाही, मग रोग का व्हावा? १९६० साली सी. गोपालन आणि एस. जी. श्रीकांतिया यांनी ‘लॅन्सेट’मध्ये एक उत्तर मांडले. ज्वारीच्या प्रथिनात ल्यूसिन या अमिनो आम्लाचे प्रमाण फार जास्त असते, आणि ते ट्रिप्टोफॅनपासून नायसिन बनण्याच्या व्यवहारात अडथळा आणते. पुढची कित्येक वर्षे या मतावर काम झाले. भवानी बेलवाडी यांनी प्राण्यांवरचे प्रयोग केले. पुढे संस्थेच्या संचालक झालेल्या डॉ. कमला कृष्णस्वामी यांनी ब६ जीवनसत्त्वाचा या रोगाशी असलेला संबंध तपासला. ल्यूसिनचे मत सगळ्या शास्त्रज्ञांनी मान्य केले असे नाही, इतर प्रयोगशाळांत उलट निष्कर्षही आले. पण कोणाही एका धान्यावर सगळा आहार टाकला की माणूस आजारी पडतो, यावर मात्र दुमत राहिले नाही.

हे संशोधन वाचताना मला दोन गोष्टी जाणवतात. एक, या शोधनिबंधांतील नावांमध्ये बायका सहजपणे येतात. १९३३ च्या तिसऱ्या अटीनंतर तीसच वर्षांत हा फरक पडला होता. दुसरी, शेंगदाणा हा नायसिनचा उत्तम स्रोत आहे. भाकरीबरोबर शेंगदाण्याची चटणी हे आपल्याकडचे गरिबाचे जेवण म्हणून हिणवले गेले, पण ज्या घरात तेवढी चटणी रोज असे त्या घरात ज्वारीचा दोष भरून निघायला मदत होत असे. रोग भाकरीने येत नसे. भाकरीबरोबरचे दुसरे काहीच उरले नाही की येत असे. दुष्काळात, टंचाईत, किंवा मजुरीचे सगळे पैसे धान्यातच संपत तेव्हा आधी चटणी जाई, मग वरण जाई, भाकरी तेवढी राही. हे चुलीपाशी बसणाऱ्या बाईला दिसत होते, नायसिनचे नाव तिला माहीत नव्हते.

दुष्काळ आणि गृहविज्ञान

१९७२ चा दुष्काळ या जिल्ह्याच्या स्मरणातून गेलेला नाही. दुष्काळी कामांवरची खडी, परदेशातून आलेली तांबडी मिलो ज्वारी आणि कामावर वाटली जाणारी सुकडी हे शब्द आजही म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी आहेत. मिलोची भाकरी नीट थापली जात नाही ही तक्रार मी लहानपणापासून ऐकली आहे. सरकारच्या हिशेबात तेवढे उष्मांक पोचले होते. पण पीठ कोणत्या पाण्यात, कसे मळायचे हे सांगणारे कोणी त्या धान्याबरोबर आले नव्हते. अन्न पोचवणे आणि खाऊ घालणे यांत अंतर आहे, आणि ते अंतर भरून काढायला माणसे तयार करावी लागतात.

त्याच वर्षी परभणीला मराठवाडा कृषी विद्यापीठ स्थापन झाले, आणि १९७६ मध्ये तिथे गृहविज्ञान महाविद्यालय सुरू झाले. १९७५ च्या २ ऑक्टोबरला एकात्मिक बालविकास योजना देशात सुरू झाली होती. अंगणवाडी, पर्यवेक्षिका, पूरक आहार या सगळ्यांसाठी पोषण शिकलेल्या बायका हव्या होत्या. मराठवाड्यातल्या मुलीला पोषणशास्त्र शिकण्यासाठी मुंबईचे श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी विद्यापीठ किंवा बडोदे गाठायची गरज उरली नाही.

गृहविज्ञान या शब्दात मात्र एक कुलूपही होते. दिल्लीचे लेडी आयर्विन कॉलेज १९३२ मध्ये निघाले तेव्हापासून या विषयाभोवती चांगली गृहिणी घडवण्याची कल्पना वावरत आली. हंसा मेहता यांच्यासारख्या कुलगुरूंनी बडोद्यात तो विषय विद्यापीठीय दर्जाचा केला, तरी बापाच्या मनात तो लग्नाआधीची सोय म्हणूनच राहिला. या गैरसमजाचा फायदाही झाला, हे नाकारता येत नाही. भौतिकशास्त्रासाठी मुलीला परगावी पाठवायला नको म्हणणारे घर गृहविज्ञानासाठी हो म्हणे. त्या परवानगीच्या आडून अनेकजणी प्रथिने, जीवनसत्त्वे आणि संख्याशास्त्र शिकल्या. आज परभणीच्या त्या महाविद्यालयाचे नाव सामुदायिक विज्ञान महाविद्यालय असे आहे, आणि अन्न व पोषण हा त्यातला पदव्युत्तर विषय.

कमला सोहोनी तोवर मुंबईच्या विज्ञान संस्थेत आपले मोठे काम करून चुकल्या होत्या. वालासारख्या कडधान्यांत प्रथिनाचे पचन अडवणारी द्रव्ये असतात, ती त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी वेगळी काढली. १९५५ मध्ये ते काम ‘नेचर’मध्ये आले. ही द्रव्ये बरीचशी शिजवल्याने निष्प्रभ होतात, तेव्हा कडधान्य भिजवून, मोड आणून, नीट शिजवून खाण्याच्या आपल्या रीतीला रसायनशास्त्राचा पाठिंबा मिळाला. नीरेवरच्या कामाबद्दल त्यांना राष्ट्रपतींचे पारितोषिक मिळाले. संस्थेचे संचालकपद मात्र त्यांना उशिरा मिळाले. अटी अशा पुढेही चालू राहतात, फक्त त्या लिहून देत नाहीत. निवृत्तीनंतर ग्राहक चळवळीत त्यांनी अन्नभेसळ घरच्या घरी कशी ओळखावी हे बायकांना शिकवले. दुर्गाबाईंनी ‘खमंग’ लिहून स्वयंपाकघरातली परंपरा साहित्यात आणली आणि धाकट्या बहिणीने तेच स्वयंपाकघर प्रयोगशाळेत नेले. १९९८ मध्ये कमलाबाई गेल्या.

आजचा अर्ज

आज माझ्यासमोर येणाऱ्या मुलीला कोणी मुलगी म्हणून नाकारत नाही. पोषणशास्त्राच्या वर्गांत तर मुलीच जास्त. परभणीसाठी कृषी विद्यापीठांची सामाईक परीक्षा आहे, हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेची स्वतःची प्रवेश परीक्षा आहे. सोलापूर-हैदराबाद महामार्ग आमच्या नळदुर्ग आणि उमरग्यावरूनच जातो. तुटलेले शहर रस्त्याने तरी जोडलेलेच आहे.

मग अडते कुठे? पहिली अडचण पात्रतेची. जिल्ह्यातल्या बहुतेक मुली साधी बी.एस्सी. करतात, रसायन, प्राणिशास्त्र, वनस्पतिशास्त्र. अनेक ठिकाणी पदव्युत्तर पोषणासाठी गृहविज्ञान, जीवरसायन, परिचर्या अशा ठरावीक पदव्या लागतात. बारावीनंतर हे सांगणारे कोणी नसते, आणि पदवीनंतर सांगून उपयोग नसतो. दुसरी अडचण पैशाची आणि वसतिगृहाची. तिसरी भाषेची, कारण परीक्षा इंग्रजीत आणि मुलीचे विज्ञान अर्धे मराठीत. २०२१ च्या संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय कायद्याने पोषणतज्ज्ञ हा नोंदणीकृत व्यवसायांत धरला आहे. म्हणजे यापुढे योग्य पदवीवाचून या क्षेत्रात उभे राहणे कठीण होत जाईल. पदवीची किंमत वाढली की प्रवेशाचीही वाढते.

पण मला सर्वांत जास्त खुपते ते अर्जातले निवेदन. हा अभ्यासक्रम तुम्हाला का करायचा आहे, असे विचारलेले असते. मुली लिहितात की मला समाजाची सेवा करायची आहे, कुपोषण ही देशापुढची गंभीर समस्या आहे. वाक्ये निर्दोष, आणि सगळ्यांची सारखी. एका वर्षी एका मुलीला मी विचारले, तुझ्या घरी काय खातात? ती चमकली. मग हळूहळू सांगू लागली. आजी ज्वारीचे पीठ आंबवते, आईने ऊसतोडीच्या हंगामात ते सोडले कारण फडावर माठ नेता येत नाही, त्या महिन्यांत धाकट्या भावाचे पोट सारखे बिघडते. मी म्हटले, हेच लिही. तिने विचारले, ‘मॅडम, हे लिहिलेलं चालतं का?’

चालते का, हा प्रश्न मला कमला भागवतच्या तिसऱ्या अटीइतकाच जुना वाटतो. प्रयोगशाळेचे वातावरण बिघडू नये म्हणून तेव्हा बाईला दूर ठेवले जात होते. आता बाईला आत घेतात, पण तिची चूल बाहेर ठेवून यायला सांगतात, म्हणजे तिला तसे वाटते. हे नुकसान एकट्या मुलीचे नाही. पेलाग्राचे कोडे सुटत गेले ते कोणीतरी रोग्याला काय खातोस असे विचारल्यामुळे. ऊसतोडीच्या महिन्यांत घरातले आंबवणे थांबते आणि आहार कसा बदलतो, हा आज कोणाही पोषणशास्त्रज्ञाने हाती घ्यावा असा प्रश्न आहे, आणि तो धाराशिव-बीडच्या मुलीइतका जवळून कोणाला दिसणार? २०१८ मध्ये नीती आयोगाने आकांक्षित जिल्ह्यांची यादी केली तेव्हा महाराष्ट्रातल्या चार जिल्ह्यांत आपला जिल्हा होता, आणि त्या कार्यक्रमात आरोग्य व पोषणाला मोठे स्थान आहे. जिल्ह्याच्या पोषणावर अहवाल लिहिले जातात. ते लिहिणाऱ्यांत जिल्ह्यातल्या मुली किती, हे अहवालात नसते.

शास्त्र या बाजूने काही पावले टाकत आहे. परभणीच्या विद्यापीठाने आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेच्या सहकार्याने २०१८ मध्ये ‘परभणी शक्ती’ हे लोह आणि जस्त जास्त असलेले ज्वारीचे वाण दिले. २०२३ हे भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरे झाले, आणि गरिबाची म्हणून मागे पडलेली ज्वारी शहरातल्या दुकानांत महागड्या पुड्यांत दिसू लागली. पण वाणातले लोह अंगी लागायचे असेल तर भाकरीबरोबर काय आहे, पीठ आंबवले का, लिंबू पिळले का, जेवणानंतर लगेच चहा घेतला का, हे पाहावे लागते. ते पाहणारी व्यक्ती घरातली किंवा घर समजणारी असावी लागते.

म्हणून शिकवणाऱ्यांना आणि पालकांना माझे सांगणे साधे आहे. बारावीच्या वर्गातच मुलींना सांगा की पोषणशास्त्राला कोणती पदवी लागते. परभणी आणि हैदराबाद ही दोन्ही नावे फळ्यावर लिहा. आणि निवेदन लिहायची वेळ आली की समाजसेवेचे तयार वाक्य खोडून त्या जागी घरातल्या ताटाचे वर्णन लिहायला लावा, वजनमापासकट, ऋतूसकट. निवड समितीला ते रुचेल का याची चिंता त्यांनी करू नये. १९३३ साली कमला भागवतने लेखी कारण मागितले होते. आजच्या मुलीने लेखी कारण द्यावे, स्वतःचे, आणि ते ज्वारीच्या पिठाइतके खरे असावे.